नऊ महिन्यांचे साडेसात

फिजिओ मॅडम "नऊ महिने" म्हणाल्या आणि मी खुर्ची पुढे ओढली.

ती माझी सवयच आहे. समोरच्याने आकडा सांगितला की मी सरसावून बसते. राहनाळच्या गोदामांच्या गेटवर वीस वर्षं मी हेच केलं. माल उतरवला की मागे जी खोकी उरतात, फाटकी, चेपलेली, ती वजनावर उचलायची, त्यातली धड खोकी निवडून परत विकायची आणि बाकीचा पुठ्ठा कागदाच्या कारखान्याला घालायचा. सुरुवातीला एक वजनकाटा आणि डोक्यावर भारा, एवढंच भांडवल होतं. आज नारपोलीत माझी स्वतःची शेड आहे आणि हाताखाली चार बायका आहेत. हे सगळं मी तोंडाने मिळवलं. गोदामाचा सुपरवायझर म्हणायचा, "भाभी, इतने में नहीं होगा," आणि मी तिथेच पुठ्ठ्याच्या भाऱ्यावर बसून राहायचे. तो एकदा का भावात जरासा उतरला की मला कळायचं, अजून जागा आहे.

त्या दिवशी माझ्या शेजारी माझी मुलगी बसली होती, डावा पाय समोर लांब करून, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बांधलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनला दहा दिवस झाले होते. ती कबड्डी खेळते. 'खेळायची' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून खेळते असंच लिहिते. चढाई तिची. समोर सात जणी साखळी करून उभ्या असल्या तरी ही अशी आत शिरते, जशी स्वयंपाकघरात काहीतरी आणायला चालली आहे.

कोनजवळच्या एका गावात मातीच्या मैदानावर सामना होता. तिने कोपऱ्यातल्या मुलीला पाय लावला आणि परत फिरली. फिरताना डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा जागेवर राहिला आणि बाकीचं अंग वळलं. तिला कुणी धरलंही नव्हतं. "आई, आतून कट्कन आवाज आला," ती नंतर म्हणाली, "सुकी काटकी मोडावी तसा." गुडघ्यावर थंड फवारा मारला, पट्टी गुंडाळली, आणि ती उठून आणखी दोन चढाया करून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमच्या गावच्या संघाचा कारभार माझा चुलत दीर बघतो. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि निकाल दिला.

"वहिनी, मोच हाय. हाड न्हाय मोडलेला. मालीश करून घे, पोरगी आठ दिसांत मैदानात दिसंल."

"एक्स-रे काढू का?"

"काढ ना. तुझ्याकडं टाईम हाय तर काढ. आमी इतकी वर्सं खेलताव, आमचे गुडघे काय कमी फिरले?"

एक्स-रे काढला. त्यात हाड धड होतं. मग मालीश सुरू केलं. गरम तेल, शेक, घट्ट पट्टी. सूज उतरायची, ती चालायला लागायची, आणि जिन्यावर गुडघा अचानक दगा द्यायचा. असे सहा आठवडे गेले. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही, हे मला ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. एमआरआय झाला. हाडाला हाड बांधून ठेवणारी आतली दोरी पूर्ण तुटलेली. मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूचा पट्टा, काढून नवी दोरी बसवावी लागेल, असं ते म्हणाले. बसवली. खर्चाचं इथे लिहीत नाही, तो भागला.

भागत नव्हता तो वेळ. एका सरकारी खात्याच्या महिला संघाची निवड चाचणी जाहीर झाली होती. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, आयुष्यभराची. वयाच्या अटीत माझी मुलगी यंदा शेवटच्या वेळी बसत होती. ऑपरेशनच्या दिवसापासून चाचणीच्या दिवसापर्यंत साडेसात महिने होते. मालीशमध्ये घालवलेले सहा आठवडे त्यात मिळवले तर बरोबर नऊ होतात. हा हिशेब मी फिजिओच्या टेबलासमोर बसल्या बसल्या केला. चुलत दिराने माझे सहा आठवडे खाल्ले होते, आणि ते मी या फिजिओ पोरीकडून वसूल करायला निघाले होते.

पोरगीच होती ती, तिशीची पण नसेल. तिच्या टेबलावर प्लास्टिकचा गुडघा ठेवलेला होता. तो उघडून ती समजावत होती.

"काकू, नवी दोरी आत्ता नुसती स्क्रूवर उभी आहे. शरीर तिला हळूहळू आपलंसं करतं. मधले काही महिने ती उलट नरम पडते. त्याच काळात दुखणं थांबतं, चालणं सुधारतं, आणि पेशंटला वाटतं आपण बरे झालो. तिथेच घात होतो."

"मॅडम, ही खेळाडू आहे. साध्या बायकांचे नऊ महिने. हिचे सहा धरा."

"खेळाडूचे नऊ, काकू. साध्या बाईला मी लवकर सोडते. तिला कोण पकडायला येतंय?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

"सात," मी म्हणाले.

"हा भाव नाही हो."

"साडेसात. चाचणी साडेसातला आहे. तुम्ही म्हणाल तो व्यायाम करेल. दिवसातून चार वेळा करेल. मी करून घेईन."

"चार वेळा केला म्हणून दोरी चारपट लवकर जुळत नाही."

मी उठले नाही. बाहेर लोक ताटकळत होते, दार दोनदा उघडून बंद झालं. मी तेच तेच वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिले. वयाची अट सांगितली, नोकरीचं सांगितलं, मी कशी वर आले ते सांगितलं. मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "आई, चल." मी नाही उठले. शेवटी त्या पोरीने पेन खाली ठेवलं.

"बरं. आठव्या महिन्यात टेस्ट घेऊ. टेस्ट पास झाली तर बघू. आता प्लीज पुढचा पेशंट घेऊ द्या."

नवावरून आठ. ती उतरली. बाहेर रिक्षात बसताना मी मुलीला म्हणाले, "बघितलंस? जागा आहे."

पुढचे महिने मी शेडमध्येच मैदान मांडलं. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांमध्ये सहा-सात फूट जागा मोकळी केली, खाली चटई घातली. आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून नुसता दाबायचा. त्या दाबण्यात तिला घाम फुटायचा. जी मुलगी तिघींना ओढत मध्यरेषेपर्यंत यायची, तिला स्वतःचा पाय वीतभर उचलायला सांगावं लागत होतं. मग भिंतीला पाठ लावून बसणं, मग एका पायावर उठणं, मग सायकल. बायका खोकी निवडता निवडता मोजायच्या. एखादी म्हणायची, "ताई, दमली वो पोरगी," तर मी तिच्यावर खेकसायचे.

पट्टा सुटला तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा बारीक दिसली. डोळ्यांनाच दिसत होती. फिजिओने सांगितलं होतं, दोन्ही मांड्यांचं माप सारखं येत गेलं पाहिजे. दर रविवारी मी शिंप्याच्या टेपने माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. चौथ्या महिन्यात माप थांबलं. आठवड्यामागून आठवडे तेच. मग एका रविवारी फरक कमी झाला. मी मोठ्याने सांगितलं, "बघ, भरायला लागली!"

ती चटईवर बसून माझ्याकडे बघत होती.

"आई, डावीकडे टेप सैल धरलीस."

"काहीतरी बोलू नकोस."

"बोट आत होतं तुझं."

होतं. वजनकाट्याच्या पारड्याला कोण कुठून अंगठा लावतो हे मी वीस वर्षं ओळखत आले. गोदामवाल्यांचे हात मी सगळ्यांसमोर पकडलेले आहेत. माझं बोट टेपखाली कधी गेलं ते मला खरंच कळलं नाही, पण ते गेलं होतं. मी वही मिटली. तिने पुढच्या रविवारपासून माप द्यायचं बंद केलं.

सहाव्या महिन्यात फिजिओने तिला उड्या मारायला लावल्या. आधी उजव्या पायावर, मग डाव्या. जमिनीवर पट्टी चिकटवलेली होती. डावी उडी बरीच अलीकडे पडली, आणि पडल्यावर गुडघा आत झुकला. फिजिओने मला बोलावून दाखवलं.

"हे बघा, आत जातोय. वळताना असाच गेला की संपलं. हिने मॅटवर पाय ठेवायचा नाही. चाचणीचं डोक्यातून काढा."

"तुम्ही आठ म्हणाला होतात."

"मी आठव्या महिन्यात टेस्ट म्हणाले होते."

"मग आठ आणि साडेसात यात पंधराच दिवस आहेत. पंधरा दिवसांसाठी पोरीचं आयुष्य घालवणार?"

तिने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. गप्प बसलेल्या माणसाला मी नेहमी हरलेलं समजते.

चाचणीच्या अर्जाला डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला लागत होता. फिजिओकडे तो मागायला मी गेलेच नाही. आमच्या शेडजवळ एक डॉक्टर आहेत, बायकांचा ताप-खोकला बघतात. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, डोळे बघितले.

"गुडघ्याचं काय, ताई? मागे कुबड्या घेऊन जाताना बघितलं होतं हिला."

"बरा झाला तो. धावते आता."

त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "हो, धावते." हे खोटं नव्हतं. सरळ रेषेत ती धावायला लागली होती. कबड्डीत सरळ रेषेत कोण धावतं?

तिला जायचं नव्हतं असं नाही. हे मी माझ्या सोयीसाठी लिहीत नाही. ती रोज सकाळी बूट घालून माझ्या आधी तयार असायची. त्या नोकरीवर तिचाही जीव होता. फक्त एकदा, चाचणीच्या आदल्या दिवशी, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "आई, वळताना भरवसा वाटत नाही ग."

"भरवसा मॅटवर गेल्यावर येतो," मी म्हणाले. तिचे वडील ताटावरून वर न बघता म्हणाले, "नको वाटत असेल तर नको जाऊ." मी त्यांना असं काही बोलले की ते हात धुऊन बाहेर गेले.

चाचणी सकाळी होती, मोठ्या हॉलमध्ये, निळ्या-पिवळ्या मॅटवर. पालकांना जाळीच्या बाहेर उभं केलं होतं. तिच्या पाठीवर नंबर लावलेला. पहिल्या चढाईत तिने बोनसचा गुण घेतला. दुसरीत हाताने एकीला बाद केलं. टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी एकाने मान वर करून तिचा नंबर लिहिला, हे मी बघितलं. माझ्या शेजारच्या बाईला मी म्हणाले, "माझी आहे." तिसऱ्या चढाईत ती रिकामीच परत आली. ते ठीक होतं.

चौथ्या चढाईत ती डाव्या कोपऱ्यात गेली. कोपऱ्यातली मुलगी पुढे आली, हिने हूल देऊन अंग मागे घेतलं आणि वळली. त्या मुलीचा हात हिच्यापासून हातभर लांब होता. डावा गुडघा आत गेला. फिजिओने दाखवला होता तसाच. ती बसली. ओरडली नाही. 'कबड्डी कबड्डी' म्हणणं मात्र तिने सोडलं नव्हतं. बसल्या बसल्या दोन-तीनदा म्हणाली, मग दम सुटला.

दोघांनी तिला उचलून बाजूला आणलं. टेबलावरून आवाज आला, "नेक्स्ट." मी जाळीला धरून शिव्या घातल्या. कुणाला ते आता आठवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी फिजिओकडे गेले, एकटी. नवा एमआरआय टेबलावर टाकला. बसवलेली दोरी तुटलेली, आतली चकतीही फाटलेली.

"तुम्ही आठवर का आलात?"

"काकू, बसा."

"बसत नाही. नऊ होते ना? मग नऊच म्हणायचं होतं. नऊ, नऊ, नऊ. मी डोकं फोडलं असतं तरी नऊ. आठ का म्हणालात?"

तिने एमआरआय उजेडासमोर धरला.

"तुम्ही इथे दीड तास बसला होतात. बाहेर सहा पेशंट होते. एका आजोबांना लकवा झालेला, त्यांना बसवत नव्हतं. मला तुम्हाला उठवायचं होतं." तिने एमआरआय खाली ठेवला. "मी टेस्ट म्हटलं होतं. पण आठ म्हणायला नको होतं. तुम्ही काय ऐकणार हे मला कळत होतं."

मी तिला खूप बोलले. आत मशीनवर पाय ठेवून पडलेल्या माणसाने पडदा सारून बघितलं. ती रडली, मी थांबले नाही. हे सगळं बोलत असताना मला माहीत होतं की ती खरं सांगते आहे. माझ्याही शेडमध्ये असे लोक येतात, आणि त्यांनी जावं म्हणून मीही उतरते. उतरलेला भाव खरा असतोच असं नाही. कधी तो फक्त थकलेला असतो. हे मला त्या पोरीपेक्षा जास्त कळायला हवं होतं.

तरी मी अजूनही म्हणते, तिने नऊच म्हणायला हवं होतं. आणि चुलत दिराशी मी बोलत नाही. त्याच्या घरच्या लग्नालाही गेले नाही. तो गावात सांगत फिरतो, "वहिनीनं पोरीला घाई केली." हे त्याने बोलावं! त्याच्या तोंडून ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण नेमकं त्यालाच मी खोटं पाडू शकत नाही.

दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी चांगल्या पायातला टेंडन काढला, म्हणजे आता दोन्ही पाय आजारी. चाचणीचं वय निघून गेलं. ठाण्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, किती महिने? ते म्हणाले, बघू. वर्ष? बघू. खेळेल का? त्यांनी मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. मी खुर्ची पुढे ओढायला गेले तर माझ्या लक्षात आलं, त्यांनी आकडाच सांगितलेला नाही. कापायचं काय? त्या दिवशी घरी येताना पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. आजवर जे मिळवलं ते समोरच्याने काहीतरी मागितलं म्हणून मिळवलं होतं.

मुलीने आता मला आत यायला बंदी केली आहे. व्यायाम दुसऱ्या ठिकाणी करते, कल्याणला, तिने स्वतः शोधलं. मी बाहेर बाकावर बसते. आतून मशीनचा आवाज येतो, मधूनच तिचा श्वास ऐकू येतो. शेजारी बसलेले लोक विचारतात, कोण आहे, काय झालं. मी सांगते, कबड्डी. ते म्हणतात, अरे वा. एक जण म्हणाला, "टीव्हीवर येईल का मग?" मी उठून पाणी प्यायला गेले.

परवा ती बाहेर आली, कुबडी काखेत, केस कपाळाला चिकटलेले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"चांगलं चाललंय म्हणाले."

"खेळायचं विचारलंस?"

"नाही."

"मग काय विचारलंस एवढा वेळ?"

"कठडा न धरता जिना उतरता येईल ना, ते विचारलं."

"आणि?"

"येईल म्हणाले. वेळ लागेल."

मी तोंड उघडलं. किती वेळ, हे विचारायला आतून इतकी ओढ लागली होती की दात दुखले. तिने कुबडी माझ्या हातात दिली, कठड्याला धरलं, आणि चांगला पाय खाली न टाकता आधी वाईट पाय खाली टाकला, जसा शिकवला होता तसा. सतरा पायऱ्या आहेत तिथे. मी तिच्या एक पायरी पुढे, उलटी, तिच्याकडे तोंड करून उतरत होते. अर्ध्यावर ती दमून थांबली. वरून एक बाई घाईत येत होती. मी हात आडवा केला आणि तिला म्हणाले, "थांबा. आम्हाला वेळ लागेल."